यॉर्कशायर डेल्समध्ये एक आठवडा: इंग्लंडच्या खेड्यातल्या पहिल्या कौटुंबिक सुट्टीसाठी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबं पहिल्या उन्हाळ्यात बहुधा लंडन बघतात, दुसऱ्या उन्हाळ्यात एडिंबरा. मग कधीतरी घरात विषय निघतो की यंदा खेड्यात जाऊ, हिरवळीत राहू. बेत आखताना मात्र जुनी सवय जात नाही. पाच दिवसांत चार जिल्हे, रोज नवं हॉटेल, रोज सकाळी बॅगा भरायच्या. इंग्लंडचं खेडं असं दिसत नाही. तिथे ‘पॉइंट’ फार थोडे आहेत. पाऊलवाटा, कुरणं, ओढे, दगडी भिंती आणि रात्री नऊनंतरही रेंगाळणारा उजेड, हेच तिथलं वैभव, आणि त्यासाठी एका जागी थांबावं लागतं. म्हणून माझा आग्रह एवढाच: एक खोरं निवडा, त्यातलं एक गाव निवडा, घर भाड्याने घ्या आणि आठवडाभर तिथेच राहा.

मी यॉर्कशायर डेल्स सुचवते. उत्तर इंग्लंडमधला हा डोंगराळ प्रदेश १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ‘डेल’ म्हणजे खोरं. वॉर्फडेल, वेन्स्लीडेल, स्वेलडेल अशी एकेका नदीची खोरी शेजारी शेजारी पसरली आहेत. लेक डिस्ट्रिक्ट याहून प्रसिद्ध आहे आणि सुंदरही आहे, पण ऑगस्टमध्ये तिथे गाडी लावायला जागा मिळवण्यातच सकाळ जाते. कॉट्सवोल्ड्सची मधाळ रंगाची घरं बघायला छान, पण मुलांना दिवसभर रमवायला मला ती कमी पडतात. डेल्समध्ये गुहा आहेत, धबधबे आहेत, रेल्वे आहे, चीज आहे, आणि गर्दी त्या मानाने कमी.

पहिली पायरी: तारखा

इंग्लंडमधल्या शाळांना जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, साधारण सहा आठवडे सुट्टी असते. मुलं इथल्या शाळेत असतील तर तुम्हाला पर्याय नाही, याच काळात जावं लागणार. घरभाडी तेव्हा वर्षातली सर्वांत चढी असतात आणि चांगली घरं हिवाळ्यातच बुक होतात. जानेवारीत शोधायला लागा. राहून गेलं असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) टाळून त्यानंतरचे दिवस बघा, थोडा फरक पडतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची परिस्थिती उलट आहे, आणि त्यांच्या फायद्याची आहे. तुमची सुट्टी मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला, तेव्हा इथली मुलं शाळेत असतात. फक्त मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सुरू होणारा आठवडा सोडा, तेव्हा इथेही आठवड्याची सुट्टी असते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भाडी उतरलेली असतात, कोकरं आईच्या मागे धावत असतात आणि स्वेलडेलमधल्या म्यूकर गावाजवळची गवताची कुरणं रानफुलांनी भरायला लागतात. जुलैमध्ये हे गवत कापतात, म्हणजे ऑगस्टमध्ये येणाऱ्याला ती फुलं दिसत नाहीत. सूर्य जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर मावळतो, ऑगस्टअखेर आठच्या सुमारास.

हवेबद्दल मनाची तयारी ठेवा. इथला उन्हाळा म्हणजे दिवसा साधारण १५ ते २० अंश, कधी पंचवीसच्या वर, आणि पाऊस केव्हाही.

आजी-आजोबा येणार असतील तर

भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, स्वतंत्र व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे परतावा न मिळणारं घर व्हिसाआधी बुक करू नका. आरोग्य विमा घ्याच. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला इथल्या इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर खर्च त्याच्याकडून घेतात, आणि तोही एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या दराच्या दीडपट.

दुसरी पायरी: घर

उन्हाळ्यात बहुतेक कॉटेजेस पूर्ण आठवड्यासाठीच मिळतात, शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार. दुपारी चारच्या सुमारास ताबा मिळतो, निघायच्या दिवशी सकाळी दहापर्यंत घर सोडायचं असतं. फोटो बघून भुलण्याआधी या गोष्टी वाचून किंवा मालकाला विचारून खात्री करा.

जिने. जुन्या दगडी घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, शिवाय न्हाणीघर कधी फक्त वर असतं तर कधी फक्त खाली. आजीच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावर एक बेडरूम आणि संडास असलेलं घर शोधा. चार बेडरूमच्या देखण्या घरापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

दुकान आणि पब चालत जाण्याच्या अंतरावर आहेत का. ‘एकांतातलं फार्महाऊस’ वाचायला छान वाटतं, पण दुधाच्या बाटलीसाठी दहा मैल गाडी काढावी लागली की तिसऱ्या दिवशी चिडचिड सुरू होते. पहिल्यांदा येणाऱ्यांनी गावातच राहावं. वॉर्फडेलमधलं ग्रासिंग्टन मला सगळ्यांत सोयीचं वाटतं: चौक, बेकरी, किराणा, औषधाचं दुकान, जवळच्या मोठ्या गावाची, म्हणजे स्किप्टनची बस, आणि उंबरठ्यावरून सुरू होणाऱ्या पाऊलवाटा. रेल्वेने येणार असाल तर सेटल. चीज आणि धबधब्यांची ओढ असेल तर वेन्स्लीडेलमधलं हॉझ.

सांडपाणी. खेड्यातल्या बऱ्याच घरांना सार्वजनिक गटार नसतं, सेप्टिक टँक असतो. तिथे संडासात टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकायचं नाही. बाळाचे ओले वाइप्ससुद्धा नाहीत, पाकिटावर ‘फ्लश करता येतं’ असं लिहिलेलं असलं तरी नाही. आणि स्वयंपाकाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. डब्यात गार करून कचऱ्यात टाका.

कुंपण. लहान मूल असेल तर अंगण बंदिस्त आहे का, शेजारून ओढा वाहतो का, हे स्पष्ट विचारा.

आठवडाभराचं भाडं परवडणारं नसेल तर वायएचएची (यूथ हॉस्टेल्स असोसिएशन) हॉस्टेल्स बघा. तिथे कुटुंबासाठी वेगळी खोली आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना वापरता येईल असं स्वयंपाकघर मिळतं.

तिसरी पायरी: पोहोचणं

रेल्वेने लंडनहून लीड्स सव्वादोन तासांच्या आसपास, आणि लीड्सहून स्किप्टन पाऊण तासाच्या आत. मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या. मोठ्यांना भाड्यात एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के. बहुतेकदा एकाच फेरीत कार्डाचे पैसे वसूल होतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

खेड्यातल्या बस कमी असतात आणि शेवटची बस लवकर सुटते. रविवारी आणि बँक हॉलिडेला डेल्सबस नावाच्या खास फेऱ्या असतात, पण वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. बसने आठवडा काढता येतो. तीन पिढ्या बरोबर असतील तर मात्र गाडी घ्या.

भारतीय परवान्यावर पाहुण्याला इथे बारा महिने गाडी चालवता येते. इथे राहायला आलेल्यांनाही आल्यापासून बाराच महिने. त्यानंतर इथला परवाना लागतो. क्लचशिवायची गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत (जे आधी होईल ते) त्याला योग्य सीट लागते, हा कायदा आहे.

रस्ता डावीकडूनच, त्यामुळे आपल्याला तो त्रास नाही. अडचण येते ती अरुंद रस्त्यांची. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल इतकी वाट, आणि समोरून ट्रॅक्टर. अशा रस्त्यांवर ठरावीक अंतरावर रुंद जागा ठेवलेल्या असतात. ती जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा; उजवीकडे असेल तर तिच्या समोर थांबा आणि येणाऱ्याला आत जाऊ द्या. गरज पडली तर मागे घ्यायची तयारी ठेवा, आणि ज्याने वाट दिली त्याला हात वर करून आभार माना. फलकावर ताशी ६० मैलांची मर्यादा दिसली म्हणजे त्या वेगाने जावं असं नाही. वळणापलीकडे रस्त्यावर मेंढरं बसलेली असतात. पोस्टकोड टाकून नकाशा लावला तर तो कधीकधी भलत्याच शेताच्या फाटकाशी नेऊन सोडतो, कारण खेड्यात एक पोस्टकोड दूरवरच्या घरांना मिळून असतो. मालकाने पाठवलेल्या खाणाखुणा कागदावर उतरवून ठेवा आणि नकाशा फोनवर आधीच डाउनलोड करा. पेट्रोल स्किप्टनसारख्या मोठ्या गावात भरून घ्या.

चौथी पायरी: स्वयंपाकघर

सहा-सात दिवस बाहेर खाणं परवडत नाही आणि आजोबांना ते मानवतही नाही. कॉटेजमध्ये भांडी, ओव्हन, फ्रीज सगळं असतं. नसतं ते कुकर, पोळपाट-लाटणं, तवा आणि मसाल्याचा डबा. चूल इंडक्शनची आहे का ते विचारा, कारण ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही.

भारतातून येताना तूप, पनीर, पेढे, बर्फी बॅगेत घालू नका. तिथून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. कोरडे मसाले, चटण्या, भाजणी, मेतकूट यांनी काम भागतं. बाकी सामानासाठी वाटेतलं ब्रॅडफर्ड गाठा. तिथे दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे. तूरडाळ, कणीक, कोथिंबीर, मिरच्या, तूप सगळं मिळतं, आणि डेल्सचा दक्षिणेकडचा भाग तिथून तासाभरावर आहे. पोहोचाल त्या रात्रीचं जेवण बरोबर असू द्या. गावातलं दुकान लवकर बंद होतं, आणि रविवारी मोठ्या सुपरमार्केटनाही कायद्याने सहाच तास उघडं राहता येतं.

फोडणीबद्दल आधीच सांगते. या घरांचे स्मोक अलार्म फार तिखट नाकाचे असतात. मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली की कर्कश ओरडायला लागतात. एक्झॉस्ट पंखा आधीच सुरू करा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि आच मंद ठेवा. अलार्म काढून ठेवणं किंवा त्यावर पिशवी बांधणं हा उपाय नाही. जुन्या घरात लाकडी तुळया असतात आणि वरच्या मजल्यावर मुलं झोपलेली असतात.

शाकाहारी कुटुंबांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यॉर्कशायरमधल्या अनेक फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत चिप्ससुद्धा गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा मागवण्याआधी विचाराच. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत. काही पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) बनवतात, म्हणून वेष्टनावर शाकाहारी असं लिहिलेलं बघा. आणि मुलांच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं.

पाचवी पायरी: सामान

पाणी आत न येऊ देणारं जाकीट प्रत्येकाला. छत्री वाऱ्यात टिकत नाही. जीन्स चालण्यासाठी नेऊ नका, भिजली की दिवसभर वाळत नाही. तळव्याला पकड असलेले बूट, जास्तीचे मोजे, ऑगस्टमध्येही एक जाड स्वेटर. गवताच्या परागकणांनी शिंका येणाऱ्यांनी गोळ्या ठेवाव्यात, जूनमध्ये हा त्रास जोरात असतो. आणि सुटी नाणी: खेड्यातल्या काही पार्किंगमध्ये फोनला रेंज नसते, मग ॲपने पैसे भरता येत नाहीत. शिवाय शेताच्या फाटकावर अंडी, रोपं, मुरंबे ठेवलेले असतात आणि शेजारी पैशांची पेटी. कोणी बघत नसतं. मुलांच्या हातून त्या पेटीत पैसे टाकायला लावा.

सहावी पायरी: चालायला शिकणं

सुट्टीचा खरा आनंद इथे आहे, म्हणून हे सावकाश सांगते.

इंग्लंडमध्ये खाजगी शेतांमधून जाणाऱ्या हजारो मैलांच्या सार्वजनिक पाऊलवाटा आहेत. शेत कोणाचंही असो, त्या वाटेने चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही हे पुष्कळदा माहीत नसतं. फाटक दिसलं की आपण ‘कोणाच्या तरी मालकीचं असेल’ म्हणून मागे फिरतो. फिरू नका. पिवळा बाण म्हणजे पायी जायची वाट. निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा असलेली वाट. शिवाय २००० सालच्या कायद्याने मोकळ्या डोंगरमाळांवर वाट सोडूनही हिंडायचा हक्क दिला आहे. तो सहज मिळालेला नाही. १९३२ मध्ये मँचेस्टर परिसरातले कामगार पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट डोंगरावर जमीनमालकांचा विरोध मोडून चढले, त्यातल्या काही जणांना तुरुंगवास झाला. मोठ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

नकाशा घ्या, कागदाचा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे नारिंगी मुखपृष्ठाचे एक्सप्लोरर नकाशे १:२५,००० प्रमाणाचे असतात आणि त्यात पाऊलवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. एकेक भिंतसुद्धा त्यात दिसते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात नकाशा द्या आणि पुढे त्याला चालू द्या.

नियम थोडे आहेत. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडंच, कारण शेतकऱ्याने ते गुरांच्या पाण्यासाठी उघडं ठेवलेलं असू शकतं. भिंतीवरून चढायचं नाही. डेल्समधल्या या भिंतींना सिमेंट-चुना काही नाही, दगडावर दगड नेमका बसवून त्या उभ्या आहेत. एक दगड निसटला की पुढचे ढासळतात. भिंत ओलांडायला ठिकठिकाणी दगडी पायऱ्या किंवा अंगचोर फट ठेवलेली असते, तिथूनच जा. गवताच्या कुरणातून जाताना एकामागे एक चाला, कारण ते गवत म्हणजे गुरांचा हिवाळ्याचा चारा.

गाईंबद्दल सावध करायलाच हवं. आपल्याकडची रस्त्यावरची गाय आणि इथली कुरणातली वासराची आई यांच्या स्वभावात फार फरक आहे. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, मुलांना कुरवाळायला सोडू नका. शांतपणे लांबून वळसा घाला, मग पुन्हा वाटेला लागा.

पहिल्या दिवशी झेपेल एवढंच करा. ग्रासिंग्टनमध्ये असाल तर खाली लिंटनच्या धबधब्यापर्यंत जाऊन या, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. दुसऱ्या दिवशी वॉर्फ नदीच्या काठाने बर्नसॉलपर्यंत. वाट सपाट आहे, मध्ये झुलता पूल लागतो आणि शेवटी गावाच्या हिरवळीवर बसून डबा खाता येतो. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर राष्ट्रीय उद्यानाने ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या नावाने चढउताराच्या पायऱ्या नसलेल्या वाटांची यादी केली आहे, ती बघा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाय सरावले की, मॅलम. या एका वाटेसाठी मी कोणालाही डेल्सला पाठवीन. गावातून ओढ्याकाठाने झाडीत शिरायचं, जॅनेट्स फॉस नावाचा छोटा धबधबा लागतो. पुढे गॉर्डेल स्कार: दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे चुनखडीचे कडे आणि मधून कोसळणारं पाणी. तिथून वर चढून जायची वाट कातळावरची आहे, मुलांना घेऊन ती करू नका. मागे फिरून रस्त्याच्या बाजूने मॅलम कोव्हकडे जाणारी पाऊलवाट धरा. कोव्ह म्हणजे सुमारे ८० मीटर उंचीची अर्धवर्तुळाकार भिंत. हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाचं पाणी इथून प्रचंड धबधबा होऊन पडत होतं. आता पाणी जमिनीखालून वाहतं आणि पायथ्याशी उगम पावल्यासारखं बाहेर येतं. डिसेंबर २०१५ मधल्या वादळी पावसात मात्र थोड्या वेळासाठी कड्यावरून पुन्हा धबधबा कोसळला होता. कड्यावर पेरेग्रिन ससाणे घरटी करतात, दुर्बीण न्या.

कोव्हच्या माथ्यावर चुनखडीचं पठार आहे, उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या तळासारखं. सपाट दगड आणि त्यांच्यामधल्या खोल भेगा; भेगांमध्ये वारा पोहोचत नाही म्हणून आत नेचे वाढतात. मुलं इथे तासभर रमतात. दगड ओले असतील तर फार निसरडे होतात, तेव्हा पावसानंतर वर जाऊ नका. पूर्ण फेरी आठेक किलोमीटरची, जेवणासकट अर्ध्याहून जास्त दिवसाची. आजी-आजोबांनी गावातून कोव्हच्या पायथ्यापर्यंतची सोपी वाट धरावी, आणि सगळ्यांनी तिथे भेटावं.

घरी आल्यावर पाय, गुडघ्यांमागची बाजू, मुलांचे केस आणि मान तपासा. नेच्यांच्या झुडपांत आणि उंच गवतात गोचीड असते आणि तिच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढून काढायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

पाण्याबद्दल एक इशारा

बोल्टन ॲबीला जरूर जा. नदीकाठी जुन्या मठाचे अवशेष, वाळूचा काठ, आणि नदी ओलांडायला मांडलेले दगड. उथळ पाण्यात मुलं दिवसभर खेळतात. पण त्याच नदीवर थोडं वर स्ट्रिड नावाची जागा आहे. रुंद वाहणारी वॉर्फ तिथे एका अरुंद कातळफटीत शिरते. फट इतकी अरुंद की उडी मारून जाता येईल असं वाटतं. खाली पाणी खोल आहे, कातळ आतून पोखरलेला आहे आणि प्रवाह माणसाला खाली ओढतो. इथे माणसं गेली आहेत. मुलांचा हात धरून लांबूनच बघा, ओल्या खडकावर पाय ठेवू नका. फोटोसाठीही नाही.

पावसाचा दिवस

असा एक तरी दिवस येणारच. इंगलटनजवळची व्हाइट स्कार केव्ह किंवा क्लॅपमजवळची इंगलबरो केव्ह गाठा. जमिनीखाली हवा बारा महिने सारखीच थंड असते. स्किप्टनचा किल्ला नऊशे वर्षांहून जुना आणि छप्परासकट शाबूत आहे. हॉझमध्ये वेन्स्लीडेल चीज बनतं. या चीजचा वारसा जर्व्हो मठातल्या भिक्षूंपर्यंत मागे जातो, आणि ते बनताना बघता येतं. हॉझचा बाजार मंगळवारी भरतो.

मला विचाराल तर पावसात सेटल–कार्लाइल रेल्वेत बसा. १८७६ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेला हा मार्ग १९८० च्या दशकात बंद होणार होता. लोकांनी लढा दिला आणि १९८९ मध्ये तो वाचला. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल गाडीतून जाताना नीट दिसत नाही, म्हणून तिथल्या स्टेशनवर उतरा आणि पाऊस थांबला की खाली चालत जा. तो पूल ज्या मजुरांनी बांधला ते याच दलदलीच्या माळावर झोपड्यांत राहत होते, आणि अपघातांनी व देवीच्या साथीने त्यांच्यातले पुष्कळ जण दगावले.

गावात मिसळणं

शनिवारी दुपारी गावात क्रिकेटचा सामना असेल तर मैदानाच्या कडेला जाऊन बसा. तिकीट नसतं. चौकार गेला की टाळ्या वाजवा, चेंडू तुमच्याकडे आला तर परत फेका, आणि बोलणं आपोआप सुरू होतं. तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे कळलं की साठीच्या पुढचा कोणीतरी सचिनचं नाव काढण्याची शक्यता मोठी आहे: १९९२ मध्ये यॉर्कशायरच्या संघाने बाहेरच्या देशातला पहिला खेळाडू मैदानात उतरवला तो १९ वर्षांचा तेंडुलकर.

ऑगस्टअखेर आलात तर किल्नझीचं कृषी प्रदर्शन चुकवू नका, ते बँक हॉलिडेनंतरच्या मंगळवारी भरतं. मेंढ्यांच्या स्पर्धा, दगडी भिंत बांधण्याची स्पर्धा, आणि चुनखडीच्या कड्यावर धावत जाऊन परत यायची शर्यत. ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सुमारासच गेपिंग गिल या सुमारे १०० मीटर खोल विवरात स्थानिक गुहा-क्लबची माणसं पाळण्यातून लोकांना खाली सोडतात. रांग मोठी असते आणि तिथवर डोंगर चढून जावं लागतं, पण धाडसी किशोरवयीन मुलांसाठी याहून मोठी आठवण सांगता येणार नाही.

पबमध्ये मुलांना घेऊन जाता येतं. टेबलाचा नंबर बघून बारवर जाऊन ऑर्डर द्यायची असते. कोणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नका. दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी दोन-अडीचला थांबतं, रात्रीचं साडेआठच्या आसपास. आपल्या नऊच्या जेवणाच्या सवयीने गेलात तर बटाट्याच्या वेफर्सवर झोपावं लागेल. रविवारी दुपारसाठी आधी टेबल राखून ठेवा.

रात्री ढग नसतील तर मुलांना अंगणात न्या. डेल्स २०२० पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश आहे. जूनमध्ये अंधार पुरेसा होत नाही, पण ऑगस्टमध्ये आकाशगंगा डोळ्यांनी दिसते आणि १२-१३ ऑगस्टच्या रात्री पर्सीड उल्का पडताना दिसतात.

अडचण आली तर

किरकोळ दुखण्यासाठी औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट चांगला सल्ला देतो. डॉक्टरची गरज वाटली पण जिवावरचं नसेल तर १११ ला फोन करा. बरीच औषधं इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून आजोबांची रोजची औषधं दोन आठवडे जास्त पुरतील इतकी आणि चिठ्ठीसकट असू द्या. डोंगरावर कोणी पडलं, हरवलं तर ९९९, आणि आधी पोलीस मागून मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ही स्वयंसेवकांची पथकं आहेत, पैसे घेत नाहीत. निघताना कुठली वाट धरतोय आणि कधी परतणार हे घरी थांबलेल्या माणसाला सांगून जा. बऱ्याच खोऱ्यांत फोनला रेंज नसते.

निघायची सकाळ

आदल्या रात्री कचरा घरातल्या सूचनांप्रमाणे वेगळा करा, कारण प्रत्येक भागात डब्यांचे रंग वेगळे असतात. भांडी धुऊन ठेवा, फ्रीज रिकामा करा, खिडक्या तासभर उघड्या ठेवा म्हणजे फोडणीचा वास निघून जाईल. टेबलावरच्या वहीत मालकासाठी दोन ओळी लिहा. कोणती वाट आवडली, आजींना जिना कसा वाटला, हे पुढच्या कुटुंबाला उपयोगी पडतं. पुढच्या वर्षी हेच घर हवं असेल तर निघण्यापूर्वीच मालकाला विचारा. पुन्हा येणाऱ्यांना बरेच मालक तारखा जाहीर होण्याआधी पसंतीचा आठवडा देतात.